जुन्या घड्याळाच्या काट्यांवरची धूळ

रोलेक्सचे जीएमटी-मास्टर हे घड्याळ १९५०च्या दशकात वैमानिकांसाठी बनवले गेले. त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलचा क्रमांक ६५४२. काचेभोवतीचे फिरते कडे बेकलाइटचे होते आणि कड्यावरचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून त्यात स्ट्रॉन्शियम-९० मिसळलेला रंग भरलेला होता. बेकलाइट ठिसूळ असते, त्याला तडे जातात. १९५९मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने या किरणोत्सारी रंगाची दखल घेतली, घड्याळे परत मागवली गेली आणि त्यांना अॅल्युमिनियमची कडी बसवण्यात आली.

आज जुन्या घड्याळांच्या संग्राहकांच्या जगात नेमके ते बेकलाइटचे कडे सोन्याच्या मोलाचे झाले आहे. अॅल्युमिनियमचे कडे असलेले घड्याळ म्हणजे ‘भाग बदललेले’, म्हणून किंमत कमी. जो भाग आरोग्यासाठी काढून टाकला, तोच शोधत लोक जगभर फिरतात आणि मिळाला की घड्याळाला परत बसवून घेतात.

पैसेवाल्यांच्या या छंदाचे आरोग्याच्या स्तंभात काय काम, असे कुणी विचारेल. छंद पैसेवाल्यांचा असला, तरी घड्याळ उघडणारा पैसेवाला नसतो.

या छंदाचा एकच नियम आहे: सगळे मूळचे हवे. तबकडी, काटे, चावी, काच, शक्य झाल्यास पट्ट्याचे बक्कलसुद्धा. कंपनीकडे दुरुस्तीला दिले तर जुने काटे काढून नवे चकचकीत बसवले जातील, ही संग्राहकांची मोठी भीती. त्यामुळे सुट्या भागांचा एक वेगळाच बाजार उभा राहिला आहे. बंद पडलेल्या दुकानांतले जुने साठे, मोडीत निघालेली घड्याळे, कागदी पुड्यांत बांधलेले सुटे काटे. तबकडीवर काटे वर्षानुवर्षे एकाच जागी थांबून राहिले की खाली तपकिरी डाग उमटतो. तो डाग रेडियमच्या किरणांनी रंग जळाल्याचा असतो. संग्राहक त्याला सौंदर्य मानतात आणि त्याचे वेगळे पैसे मोजतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे रिक्षाच्या मागे चिकटवायच्या चमकत्या पट्टीलाही ‘रेडियम’ म्हणतात आणि ती कापून देणाऱ्या दुकानावर ‘रेडियम आर्ट’ अशी पाटी असते. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. ती फक्त गाडीच्या दिव्याचा उजेड परत फेकते. पण हा शब्द आला तो खऱ्या रेडियमच्या रंगातून, म्हणजे साधारण १९६०च्या दशकापर्यंतच्या अंधारात चमकणाऱ्या घड्याळांतून. त्या रंगात झिंक सल्फाइडची पूड आणि चिमूटभर रेडियम असे. रेडियममधून निघणारे अल्फा कण झिंक सल्फाइडवर आदळत आणि हिरवट उजेड पडे.

जुने घड्याळ आता चमकत नाही, म्हणजे त्यातले रेडियम संपले, असे अनेकांना वाटते. संपते ते झिंक सल्फाइड. सततच्या माऱ्याने ते निकामी होते. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे. सत्तर वर्षांपूर्वीच्या तबकडीवर त्यातले सत्त्याण्णव टक्के आजही शिल्लक आहे. त्या मानाने वर सांगितलेल्या कड्यातील स्ट्रॉन्शियम बरे म्हणायचे. त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उरला आहे.

हाताला बांधलेल्या घड्याळाचा धोका फार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. अल्फा कण काचेने अडतात, कागदाने अडतात, त्वचेच्या वरच्या मृत थरानेही अडतात. आजोबांचे घड्याळ सणासुदीला घालणाऱ्याने झोप उडवून घेऊ नये. प्रश्न सुरू होतो काच निघाल्यावर. रंग सुकून भुगा झालेला असतो. चिमटा लागला की काट्यावरून त्याची खपली पडते, टेबलावर, बोटांवर, श्वासात. फुप्फुसाच्या आत अल्फा कणांना अडवणारा मृत थर नसतो.

शरीरात गेलेल्या रेडियमचे काय होते, हे वैद्यकशास्त्राला फार मोठी किंमत मोजून कळले. न्यू जर्सीतील ऑरेंज गावातल्या युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनमध्ये तरुण मुली तबकड्या रंगवत. आकडे बारीक यावेत म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून टोकदार करायचे, अशी त्यांना शिकवण होती. रासायनिकदृष्ट्या रेडियम कॅल्शियमचे भावंड आहे. शरीर ते हाडांत साठवते आणि तिथे बसून ते आयुष्यभर मारा करते. मुलींचे दात पडू लागले, जबडे कुजले, रक्तक्षय झाला, पुढे हाडांचे कर्करोग निघाले. हॅरिसन मार्टलँड या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने १९२५मध्ये कारण सिद्ध केले. ग्रेस फ्रायर आणि इतर चौघींनी खटला भरला आणि १९२८मध्ये तडजोड झाली. तो रंग तयार करणारे डॉ. सॅबिन फॉन सोचोकी हेही त्याच वर्षी रक्तक्षयाने गेले.

आजचा कारागीर कुंचला ओठांत धरत नाही. पण तो जुने काटे खरवडतो, तबकडी घासतो आणि टेबलावरचा भुगा फुंकर मारून उडवतो. त्याच टेबलावर चहाचा ग्लास असतो. परदेशी संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द हेटाळणीने वापरला जातो. जुने स्विस मशीन, जुनीच केस आणि घासून नव्याने रंगवलेली भडक तबकडी म्हणजे मुंबई स्पेशल. घड्याळाचे मूळपण गेले म्हणून ते हळहळतात. तबकडी घासताना काय उडाले आणि ते कुठे गेले, हा प्रश्न त्या चर्चेत येत नाही. प्रत्येक जुन्या तबकडीवर रेडियम नसतेच. बऱ्याच तबकड्यांवर चमकता रंगच नव्हता. मात्र घासण्याआधी तपासण्याची सोय त्या दुकानात नसते.

संग्राहकही पूर्ण सुटत नाही. रेडियमपासून रेडॉन हा वायू तयार होतो आणि धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते दुसरे मोठे कारण मानले जाते. ब्रिटनमधील नॉर्थहॅम्प्टन आणि किंग्स्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८मध्ये ३० जुनी घड्याळे तपासली. हवा न खेळणाऱ्या खोलीत त्यांच्यामुळे रेडॉनची पातळी सुरक्षित मानल्या जाणाऱ्या पातळीच्या १३४ पट होऊ शकते, असे त्यांना आढळले. एक-दोन घड्याळांची गोष्ट वेगळी. पण ज्यांच्याकडे पेटी भरून आहेत, त्यांनी ती पेटी झोपायच्या खोलीत, उशाशी ठेवू नये. खिडकी उघडी राहते अशी जागा बघावी.

मूळचे भाग जपण्याच्या हट्टाला विरोध करण्याचे कारण नाही. जुन्या वस्तूंवर जीव असणे ही चांगलीच गोष्ट. हट्ट पूर्णच करावा, इतकेच. मूळचे हवे तर ते बंदही राहू द्यावे. काटे ‘पुन्हा चमकवून’ घेण्याची हौस सोडावी. तबकडीवर सहाच्या आकड्याखाली इंग्रजी ‘टी’ हे अक्षर असेल तर रंग ट्रिटियमचा, म्हणजे बराच सौम्य. अक्षर नसेल, रंग तपकिरी आणि भुसभुशीत असेल, तर गायगर काउंटरने तपासल्याशिवाय उघडू नये. दुरुस्ती टळणारच नसेल, तर कारागिराला आधी सांगावे. ज्या घड्याळासाठी लाखो मोजले, त्याबद्दल एवढे वाक्य बोलायला काही पडत नाही. कारागिराने हातमोजे आणि एन-९५ मास्क वापरावा, फुंकर न मारता ओल्या टिश्यूने टिपावे, त्या टेबलावर खाणेपिणे करू नये.

डॉक्टरांचेही एक काम आहे. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७००मध्येच लिहून ठेवले की रोग्याला त्याचा धंदाही विचारावा. सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत केसपेपरवर धंद्याच्या जागी ‘दुकान’ एवढेच लिहिले जाते. कसले दुकान, किती वर्षे, हातांनी नेमके काय करता, हे आणखी तीन प्रश्न आहेत. जुना खोकला किंवा न समजणारा रक्तक्षय घेऊन आलेला माणूस चाळीस वर्षे तबकड्या घासत असेल, तर ते कागदावर यायला हवे.

आणि अणुऊर्जा नियामक मंडळाने घड्याळ दुरुस्ती करणाऱ्यांसाठी मराठी-हिंदीत एक साधे पानभर पत्रक काढावे. गल्लीबोळांतली जुनी दुकाने आता एकेक करून बंद होत आहेत. त्यांच्या खणांत वडिलांच्या काळातले सुटे काटे पत्र्याच्या डब्यांत, काड्यापेट्यांत पडून आहेत. दुकान रिकामे करताना मुलगा ते डबे एक तर भंगारात देतो, नाही तर फोटो काढून विकायला ठेवतो. डबा उघडण्याआधी त्याने कुणाला फोन करायचा, तो क्रमांक त्या पत्रकावर असावा.