छप्पर उडालेलं विमान

दोस्तांनो, विमानाला गंज लागतो का? लोखंडासारखा तांबडा नाही, पण ॲल्युमिनियमही झिजतं. वर पांढरी भुकटी दिसते. सांध्यांच्या आत मात्र काहीच दिसत नाही, आणि घात होतो तिथंच!

२८ एप्रिल १९८८. पॅसिफिकमधल्या हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७ चं पुढचं छप्पर २४,००० फुटांवर उडून गेलं! एक हवाईसुंदरी गेली. बाकीचे ९४ जण वाचले. विमान १९ वर्षांचं, समुद्राच्या खाऱ्या हवेतलं. पत्र्यांमधला डिंक सुटला, ओल शिरली, गंज चढला. त्यात दर उड्डाणाला विमान फुग्यासारखं फुगणार-आकसणार, तेही जवळजवळ ९०,००० वेळा! रिव्हेटांच्या भोकांशी तडे गेले.

म्हणून तर विमान धुतात, सांधे बुजवतात, बारीक तडे यंत्रानं शोधतात.

आणि गंमत म्हणू की काय म्हणू? विमानात चढतानाच एका प्रवासी बाईंना दाराजवळ तडा दिसला होता. त्या कुणाला बोलल्याच नाहीत.