दोन खोल्या किरायानं देणे आहे

आमच्या भालकीत पाटी लावायची झाली तर "मने बाडिगेगे इदे" लिहायचं, खाली मराठीत "घर भाड्याने देणे आहे" लिहायचं, म्हणजे दोन्हीकडची माणसं येतात. माझ्या मावसबहिणीनं, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, तिच्या फाटकावर तिसरीच पाटी लावली होती. "इल्लु अद्देकु इव्वबडुनु". ती राहते नेरडीगोंड्याला, आदिलाबाद जिल्ह्यात, निर्मलचा घाट चढून गेलं की हमरस्त्यावर लागतं ते गाव. कुंटालाचा धबधबा बघायला गेलेल्यांना ठाऊक असेल, तिथूनच वळावं लागतं. बाडिगे म्हणा, अद्दे म्हणा, किराया म्हणा, पैसे वेळेवर आले नाहीत की पोटातला गोळा तिन्ही भाषांत सारखाच.

अक्काचे यजमान गेले. त्यांच्या फंडाचे जे पैसे आले त्यातून तिनं परसात दोन खोल्या बांधल्या. मुलगा कॉलेजात. पेन्शन नाही. दर महिन्याला दोन्ही खोल्यांचे मिळून पाच हजार येतील, किराणा आणि मुलाची फी निघेल, एवढाच साधा हिशेब होता. एका रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "मागच्या खोलीतल्या पोरानं चार महिने किराया दिला नाही. मागायला गेलं की 'अम्मा, पुढच्या आठवड्यात' म्हणतो. मला बोलवतच नाही गं. माझ्याच घरात मी चोरासारखी त्याच्या दारावरून जाते."

मी निझामाबाद, निर्मल करत गेले. मी काही वकील नाही. पण आमच्या घरी वीस-बावीस वर्षं किरायदार आहेत, त्यामुळे धक्के खाल्लेत. हे सदर वाचणाऱ्या पुष्कळ जणी अशाच दोन खोल्या बांधून बसल्यात, म्हणून हे सगळं लिहिते.

पहिल्यांदा मी म्हटलं, कागद दाखव. तिनं कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीतला स्टँप पेपर काढला. सगळा तेलुगूत. अक्का शिकली मराठीत, बोलते तेलुगू, पण वाचता येत नाही. "मग सही कशी केलीस?" तर म्हणे टायपिंगवाल्यानं सांगितलं इथं करा, केली. संध्याकाळी भाचा आला, त्याला वाचायला बसवलं. तो वाचता वाचता हसायलाच लागला. त्यात लिहिलं होतं की शटरला रंग देण्याची जबाबदारी मालकाची, दुकानाची पाटी किरायदारानं स्वखर्चानं लावावी आणि मुदत तीन वर्षं! टायपिंगवाल्यानं कुठल्यातरी दुकानाचा जुना मसुदा उचलून त्यात नावं घातली होती. परसातल्या खोलीला शटर कुठलं? आणि गंमत म्हणजे किरायदार पोरानंही तो वाचला नव्हता.

आपल्या सीमाभागात हे नवं नाही. 1956 ला हैदराबाद राज्य मोडलं. बिदर जिल्ह्यातलं भालकी, औराद कर्नाटकात आलं, उदगीर, निलंगा तिकडे मराठी मुलखात गेलं, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेलं. आदिलाबादचंही तसंच, किनवट, राजुरा मराठी मुलखात गेलं आणि बाकीचा जिल्हा आंध्रात राहिला. एकेका घरातली माणसं तीन राज्यांत विखुरली. माझ्या आजोबांनी उर्दू कागदावर अंगठा दिला, वडिलांनी न वाचता येणाऱ्या कन्नड कागदावर सही केली, अक्कानं तेलुगूवर. वाचता येत नाही हे दुकानात चार माणसांसमोर सांगायची लाज वाटते, एवढंच कारण असतं. तर बायांनो, आपल्या घरातल्या शाळकरी पोराला शेजारी बसवा, तो वाचेल आणि आपण ऐकायचं. ओळन् ओळ. समोरच्यालाही ऐकवायचं. करारात शेवटी एक वाक्य घालता येतं, की हा मजकूर आम्हा दोघांना आपापल्या भाषेत वाचून दाखवला, समजला. त्याखाली वाचणाऱ्याची साक्षीदार म्हणून सही.

आता त्या तीन वर्षांचं. देशभर अकरा महिन्यांचा करार करतात तो उगाच नाही. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी केल्याशिवाय कायद्यात चालत नाही, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे. भाडेनियंत्रण कायदे मुख्यतः शहरांना लागू असतात, ग्रामपंचायतीच्या गावात हाच जुना कायदा धरून चालतात. म्हणजे अक्काच्या कागदातली तीन वर्षं ना तिच्या कामाची ना त्याच्या. नोंदणी नसलेला असा करार राहण्याच्या जागेपुरता महिन्या-महिन्याचाच धरला जातो आणि कोणाही एकानं पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन तो संपवता येतो. तोंडी "निघ" म्हणणं म्हणजे नोटीस नव्हे.

उदगीर, देगलूरकडच्या वाचकांनी मात्र अकरा महिन्यांच्या कागदावर निश्चिंत बसू नये. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्यात करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, मग अकरा महिन्यांचा का असेना, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही सांगितलीय. सून लातूरची, लेक बिदरला आणि बहीण आदिलाबादला, तर एकीचा कागद दुसरीनं नक्कल करू नये.

आदिलाबादकडे आणखी एक गोष्ट आधी बघावी लागते. त्या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथं 1959 चा, आणि 1970 मध्ये कडक केलेला, जमीन हस्तांतरणाचा नियम आहे. आदिवासींची जमीन बाहेरच्यांच्या हाती जाऊ नये म्हणून तो आला, आणि त्यात 'हस्तांतरण' या शब्दात विक्री, गहाणाबरोबर भाडेपट्टाही मोजलाय. आपलं गाव, आपला सर्व्हे नंबर त्या क्षेत्रात येतो का, हे खोल्या बांधायच्या आधी मंडल कार्यालयात विचारून घ्यायचं. बांधून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

बरं, "बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं" ही भीती अक्काच्या शेजारणीनं तिच्या मनात घातली होती. तसं होत नाही. किरायदार आपल्या परवानगीनं राहतो, किराया देतो म्हणजेच घर आपलं आहे हे कबूल करतो. नुसतं राहून तो मालक होत नाही. पण म्हणूनच पावती आणि कागद जपायचे. किराया फोनवरून खात्यात आला तरी मी पावती देते, कार्बन घालून, एक प्रत माझ्याकडे. शिक्षक, बँकेतली माणसं घरभाडे भत्त्यासाठी पावती मागतात आणि वर्षाचा किराया लाखाच्या वर गेला तर मालकाचा पॅन नंबरही मागतात. तेव्हा घाबरून "पावती देत नाही" म्हणणाऱ्या बाया मी बघितल्यात. कशाला घाबरायचं? भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यातून सरसकट तीस टक्के वजा होतात, आणि मग जे राहतं ते आपल्या बाकीच्या उत्पन्नात मिळवायचं. दोन खोल्यांवर जगणाऱ्या बाईला त्यात कर लागण्याइतकं बहुधा काही उरतच नाही.

विजेवरून मात्र अक्काचं खरं नुकसान झालं. तेलंगणात 2024 च्या मार्चपासून पांढऱ्या कार्डाच्या घराला दोनशे युनिटपर्यंत बिल माफ, आपल्याकडे कर्नाटकात गृहज्योती 2023 पासून. दोन्हीकडे किरायदारालाही हा लाभ मिळतो. पण अक्काच्या घराला मीटर एकच. आदिलाबादचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे, मे महिन्यात तीन बिऱ्हाडांचे तीन कूलर चालले, आकडा दोनशेच्या वर गेला आणि अख्खं बिल अंगावर आलं. किरायदार म्हणतात आमची तर वीज फुकट, आम्ही का द्यावं! खोल्या बांधतानाच वीज मंडळाकडून वेगळं मीटर घ्यायला हवं होतं. आपण बाजारातून आणून लावतो ते छोटं मीटर फक्त आपसात हिशेब करायला चालतं, माफीसाठी नाही.

मला तिची एक गोष्ट आवडली नाही, आणि ती मी तिला तोंडावर सांगितली. तिच्याकडे त्या खोलीची दुसरी किल्ली होती. पोरगा कामावर गेला की ती आत जाऊन नळ बंद आहे का बघायची, एकदा त्याचं अंथरूणही आवरून ठेवलं. मायेनंच. पण तो तेव्हापासून बिथरला होता. एकदा खोली दिली की ती त्याची. आत जायचं तर आदल्या दिवशी सांगून, दिवसाउजेडी, तो असताना. 2021 मध्ये केंद्रानं राज्यांसाठी जो आदर्श भाडेकरू कायदा आखला त्यातही मालकानं चोवीस तास आधी कळवावं असंच आहे, आणि राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या किरायापेक्षा जास्त नको असंही. राज्यानं तो स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक नाही, पण बेंगळुरूत दहा-दहा महिन्यांचा मुंगड मोजणाऱ्या आपल्या पोरांना तो वाचून बरं वाटेल.

दुसरी किल्ली तिनं त्याला माझ्यासमोर दिली.

भावकीतले एक काका मध्येच म्हणाले, सामान बाहेर काढ, पाणी तोड, आपोआप जाईल. असला सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून परत ताबा मिळवू शकतो, आणि मग कोर्टाच्या पायऱ्या अक्कानंच चढायच्या.

डिपॉझिटबद्दल मला बोलायचा अधिकार कमी आहे. आमच्याकडे 2011 मध्ये एक शिक्षिका राहायची. जाताना मी तिच्या डिपॉझिटमधून भिंतीच्या रंगाचे पैसे कापले. ती काही बोलली नाही, रिक्षात बसताना डोळे पुसत होती. भिंतीची ओल ती यायच्या आधीपासूनची होती, हे मला पुढच्या पावसाळ्यात कळलं. तेव्हापासून खोली देताना मी भिंती, पंखा, कड्या, नळ, सगळं दोघांच्या समोर लिहून घेते. आता तर फोटोच काढते.

आणि आडनाव विचारण्याबद्दल. आमच्या सासूबाई पहिला प्रश्न तोच विचारायच्या, दुसरा "मटण खाता का". मीही काही वर्षं विचारला. आता काम काय, माणसं किती, गाडी आहे का, रात्री यायला उशीर होतो का, आधीचं घर का सोडलं, एवढंच विचारते. आधार कार्डाची प्रत घेते, त्यावर "फक्त भाड्याच्या खोलीसाठी" असं लिहून घेते आणि पोलीस ठाण्यात माहिती देते. नेरडीगोंड्याला पावसाळ्यात धबधब्याच्या पाहुण्यांना रोजावर खोली देऊन बघावं असं अक्काच्या मनात होतं. ते म्हणजे लॉजचा धंदा, त्याची परवानगी आणि नोंदवही वेगळी, घरातल्या एकट्या बाईनं त्यात पडू नये असं माझं मत.

आता त्या पोराचं. संध्याकाळी त्याला चहाला बोलावलं. ठेकेदाराकडे यंत्र चालवतो, ठेकेदारानं तीन महिने पगार दिला नव्हता. गावी वडील आजारी. हे तो अक्काला सांगत नव्हता, आणि अक्का तिची फीची अडचण त्याला सांगत नव्हती. खोलीचा किराया अडीच हजार, चार महिन्यांचे दहा हजार थकलेले, डिपॉझिट पाच हजार. अक्का म्हणाली डिपॉझिटमधून कापते. मी म्हटलं, नको, ते संपलं की तुझ्या हातात काय राहील? त्यापेक्षा चालू किराया पाच तारखेच्या आत आणि थकलेल्यापोटी दर महिन्याला हजार, दहा महिन्यांत फिटेल. दोन महिने लागोपाठ चुकला तर पंधरा दिवसांची नोटीस. भाच्यानं हे तेलुगूत लिहिलं, खाली मराठीत लिहिलं, आणि दोन्ही मोठ्यानं वाचलं. पोरानं सही करताना विचारलं, "अम्मा, शटर कुठंय मग?" तेव्हा कुठं अक्का हसली.

दोन महिने पस्तीसशे वेळेवर आले. या महिन्याची पाच तारीख होऊन आज आठ दिवस झालेत. अक्का या वेळी त्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि विचारून आली. म्हणतो, सोमवारी.