ग्रंथसंग्रह कोणाचा?

ग्रंथ जमविणे हे मोठे कार्य खरे. परंतु जमलेले ग्रंथ राखणे हे त्याहून मोठे, आणि ते एकट्याचे काम नव्हे. इंग्लंडातील ऑक्सफर्डचे दुसरे अर्ल एडवर्ड हार्ले यांनी वडिलांच्या ग्रंथालयात अपार भर घातली व विद्वानांस त्याचे दार मोकळे ठेविले. कर्जापायी १७४० साली त्यांनी विम्पोलची वास्तू विकली. ग्रंथालय मात्र विकले नाही. १७४१ साली ते निवर्तले. पुढे सुमारे ५०,००० छापील ग्रंथ एका पुस्तकविक्रेत्याने १३,००० पौंडांस घेतले आणि ते दाही दिशांस पांगले. हस्तलिखिते तेवढी १७५३ मध्ये पार्लमेंटने राष्ट्रासाठी घेतली. ती आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एकत्र नांदत आहेत. एकाच्या हौसेने जमलेले ज्ञानधन समाजाने सांभाळले, तरच ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते.