प्रक्षिप्त आवाज

जुन्या मोटारीच्या मूळ रेडिओतून मोबाइलमधली गाणी वाजवावीत की नाही, हा प्रश्न वरकरणी रिकामटेकड्या हौशी मंडळींचा वाटतो. आम्हांलाही तो तसाच वाटत असे. परंतु अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी दुरुस्त करायचे ठरले आणि या प्रश्नाला दोन बाजू असून त्या दोन्ही आमच्याच घरात नांदतात, असा शोध लागला.

एका दुकानदाराने सुचवलेला तोडगा सोपा होता. रेडिओचे पोट साफ करायचे, आत नवा ॲम्प्लिफायर आणि ब्लूटूथचे सर्किट बसवायचे, दर्शनी तबकडी आणि बटणे मात्र जुनीच ठेवायची. "चेहरा तोच राहील," असे तो अभिमानाने म्हणाला. धाकट्या बंधूंना ते पटले. आम्हांला त्यात पेंढा भरलेल्या वाघाची आठवण झाली.

रेडिओ म्हणजे तबकडी नव्हे. एरियलने पकडलेल्या लहरींतून एक लहर निवडायची, तिच्यावर स्वार झालेला आवाज डिटेक्टरने उतरवून घ्यायचा, तो व्हॉल्यूमच्या बटणापाशी आणायचा, तेथून वाढवून स्पीकरपर्यंत पोहोचवायचा, असा तो सगळा प्रवास आहे. या प्रवासाच्या मध्यावर, डिटेक्टर आणि व्हॉल्यूमचे बटण यांच्या दरम्यान, बाहेरच्या आवाजाला आत येता येते. तेथून पुढे मोबाइलमधले गाणेही त्याच जुन्या ट्रान्झिस्टरांतून आणि कागदी पडद्याच्या त्याच स्पीकरमधून जाते. काम बेताचे आहे, पण निष्काळजीपणे करण्याजोगे नाही. मोबाइलचा आवाज डावा-उजवा असा दुहेरी असतो आणि रेडिओला कान एकच. म्हणून दोन्ही तारा परस्पर न जोडता प्रत्येकीत एकेक रेझिस्टर घालून मग एकत्र आणायच्या. पुढे एक कपॅसिटर हवा, म्हणजे एका बाजूचा स्थिर विद्युत्‌दाब दुसऱ्या बाजूच्या वाटेला जात नाही. ब्लूटूथच्या तुकड्याला गाडीच्याच बॅटरीवरून वीज दिली की इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी एक शिट्टी ऐकू येऊ लागते. तिच्यासाठी वीज अलग करून देणारा छोटा कन्व्हर्टर बसवावा लागतो. (पन्नाशीच्या दशकातल्या ज्या ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, तेथे हा कन्व्हर्टर नसेल तर शिट्टी नव्हे, धूर निघण्याचा संभव.) जुनी तार कापायची नाही, एक टाका सोडवून मध्ये दुहेरी खटका घालायचा. उद्या कोणाला ते नको झाले, तर डाग देण्याच्या लोखंडाने दहा मिनिटांत सारे पूर्ववत.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये म्हणून बजावून ठेवले. प्रक्षेप आणि टीका यांतला भेद मराठी वाचकाला तेव्हापासून ठाऊक आहे. टीका समासात राहते आणि मूळ पाठ जागेवर असतो. प्रक्षेप मूळ असल्याची बतावणी करतो. दुकानदाराचा तोडगा आम्हांला नापसंत पडला तो या बतावणीमुळे. ब्लूटूथशी आमचे काही वैर नाही.

आता दुसरी बाजू. काही शुद्धतावादी स्नेही मूळ रेडिओला हातच लावू देत नाहीत. त्यांना आम्ही विचारतो, हा रेडिओ तरी 'मूळ' कशावरून? गाडी घेतल्यावर अण्णांनी तो निराळा विकत घेऊन बसवला. त्यासाठी पोस्टातून काढलेला परवान्याचा पुस्तकवजा कागद अजून डॅशबोर्डच्या खणात आहे. (रेडिओ ऐकायला सरकारला वार्षिक फी द्यावी लागे, हे आज सांगितले तर मुले थट्टा समजतात.) शिवाय मध्यमलहरींवर शहरात आता चार्जर आणि एलईडी दिव्यांचा खरखराटच अधिक ऐकू येतो. ज्याला ऐकण्यासारखे काही उरले नाही, तो रेडिओही एका परीने पोट साफ केलेलाच.

मात्र गतकाळ उभा करण्याच्या नावाखाली काहीही वाजवावे, हेही आम्हांला मान्य नाही. बंधूंनी पहिल्याच दिवशी 'बिनाका गीतमाला'ची ध्वनिमुद्रिते लावली. गीतमाला १९५२ पासून लागत असे ती रेडिओ सिलोनवर, लघुलहरींवर. अण्णांच्या रेडिओला लघुलहरीच नाहीत! या गाडीत गीतमाला त्या काळी कधी वाजलेली नाही. येथे वाजली ती विविध भारती, आणि तीही १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूरकडे सुरू झालेल्या जाहिरातींसकट. स्मरणरंजनाला तपशिलाची अशी ॲलर्जी का असते, कोण जाणे.

खटका बसवून झाल्यावर अण्णांना गाडीत बसवले. वय वर्षे ८६. गाडी चालवणे केव्हाच सुटले आहे. मोबाइलवरून एक नाट्यपद लावले. आवाज अपेक्षेहून बरा होता. वरचे बारकावे गेले होते, तळचा गाभारा नव्हता, पण मधला गळा मात्र अगदी जवळ आल्यासारखा वाटत होता. अण्णा दोन मिनिटे ऐकत राहिले. मग त्यांचा हात सवयीने उजव्या बटणाकडे गेला. काटा तबकडीवर सरकला, पण गाणे तेच राहिले. त्यांनी काटा परत आणला, पुन्हा नेला.

"बिघडलाय रे हा," ते म्हणाले, "स्टेशन सोडतच नाही."

बंधूंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही डॅशबोर्डखाली हात घालून खटका फिरवला. नाट्यपद तुटले, खरखर भरून आली, शेजारून गेलेल्या रिक्षाच्या ठिणग्याही तीत ऐकू आल्या. अण्णा बटण तसूतसूने फिरवत होते. बऱ्याच वेळाने खरखरीच्या तळाशी एक माणूस काहीतरी सांगत असल्याचे जाणवले. भाषा कोणती ते कळेना.

"हां," अण्णा म्हणाले, आणि काच वर करायला सांगितली.