विश्वासू शस्त्र

तुकोबांनी शब्दांना शस्त्रे म्हटले, हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो. परवा मात्र अमरावतीहून अकोल्याला जाणे-येणे करणाऱ्या, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका सहकारी बाईंनी स्टाफरूममध्ये विचारले, "सर, स्वसंरक्षणासाठी कोणते रिव्हॉल्व्हर भरवशाचे?" प्रश्न थट्टेचा नव्हता. रात्री स्टेशनवरून घरी परतताना त्यांचा दोनदा पाठलाग झाला होता. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तांत्रिक उत्तर तसे अवघड नाही. पिस्तुलात काडतूस अडकले तर ते मोकळे करण्याचे कसब लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा. चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. म्हणून नवख्यासाठी रिव्हॉल्व्हर बरे, असे जाणकार सांगतात. पिस्तूल आणि काडतूस हे शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले. सराव मात्र असा उसना मिळत नाही.

2014 साली कानपूरच्या आयुध निर्माणीने खास स्त्रियांसाठी म्हणून '.32' बोअरचे 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत 1 लाख 22 हजारांच्या घरात आणि सोबत दागिन्यांची शोभावी अशी पेटी. नावामागे डिसेंबर 2012 मधील दिल्लीच्या त्या मुलीची आठवण होती. व्याकरण शिकवणाऱ्यांना इथे एक प्रश्न पडायला हवा: 'निर्भीक' हे विशेषण कोणाचे? बाईचे की वस्तूचे? निर्भय व्हायची होती बाई, झाले शस्त्र. आणि तासिकेच्या मानधनात ते परवडणार कोणाला?

शिवाय परवाना हवा. त्यासाठी अमरावती शहरात पोलीस आयुक्तांकडे, तर अकोल्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. 2016 च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षणही आवश्यक आहे. आत्मसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेत आहे. मर्यादा मात्र तीच: संरक्षणासाठी आवश्यक तेवढाच प्रतिकार. अंधारात, दोन क्षणांत, थरथरत्या हाताने हे 'आवश्यक तेवढे' मोजायचे आहे.

याच अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान आखाडा काढला. पुढे त्याचेच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. त्याच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. लाठीने गोळी अडत नाही, हे आम्हांस कळते. पण आखाडा आधी माणूस घडवतो आणि मग त्याच्या हाती लाठी देतो, हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. शस्त्र विकत घेणारा नेमका हाच क्रम उलटा करतो.

तरीही बाईंना 'आखाड्यात जा' एवढेच सांगणे हा शहाजोगपणा ठरेल. शस्त्र घ्या म्हणणारे आणि व्यायाम करा म्हणणारे, दोघेही रक्षणाचा भार अखेर त्यांच्याच पर्सवर नाही तर मनगटावर टाकतात. त्यांचा शेवटचा तास दुपारी घेता येईल की नाही, हे वेळापत्रक ठरवणारे आम्ही स्वतःला कधी विचारले नाही. त्या वाटेवरच्या बंद दिव्यांसाठी अर्ज लिहिण्याइतके शब्दही आम्ही खर्चले नाहीत.

तुकोबांच्या शस्त्रांचा वारसा सांगणाऱ्यांनी निदान हा एक अर्ज लिहावा. रिव्हॉल्व्हरचा विचार बाई त्यानंतर करतील. कदाचित करावा लागणारही नाही.