विनोदाचा मालक कोण?

दूरचित्रवाणीवरील विनोदी प्रवेश पाहून प्रेक्षक हसतो, नटाचे नाव लक्षात ठेवतो. तो प्रवेश लिहिला कोणी, हे विचारीत नाही. व्यवहारात मात्र हाच प्रश्न कळीचा ठरतो. 'माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस' ही मालिका बीबीसीने १९६९ ते १९७४ या काळात दाखविली. तिचे लेखक तेच तिचे नट. बीबीसीचा खर्च परवाना-शुल्कातून भागतो, जाहिरातींतून नव्हे. त्यामुळे अर्ध्या तासाचा भाग खरोखरीच अर्ध्या तासाचा असे. १९७५ साली अमेरिकेतील एबीसी कंपनीने असे तीन भाग जोडून दीड तासाचा कार्यक्रम केला. जाहिरातींना जागा हवी होती. शिवाय काही विनोद तिला अशिष्टही वाटले. ९० मिनिटांतील २४ मिनिटे कापली गेली. विनोदात आधी बांधणी असते, मग फटका. बांधणीच काढली तर उरतो तो निव्वळ वेडगळपणा, आणि तो खपतो मात्र लेखकाच्या नावावर!

लेखकांनी न्यायालयात धाव घेतली. १९७६ मध्ये अपील न्यायालयाने या कापलेल्या आवृत्तीच्या प्रक्षेपणास मनाई केली. मुद्रण झाल्यानंतर कार्यक्रमात फेरफार करण्याचा अधिकार लेखकांशी झालेल्या करारात बीबीसीलाही नव्हता. मग तिच्याकडून हक्क घेणाऱ्यांना तो कोठून मिळणार? लेखक तरले ते कोणाच्या रसिकतेमुळे नव्हे, करारपत्रामुळे.

अर्थात बीबीसीलाही साव ठरविण्याचे कारण नाही. पीटर कुक आणि डडली मूर यांच्या विनोदी मालिकेच्या अनेक टेपा तिनेच पुसून टाकल्या. त्या वाचाव्यात म्हणून कुकने पदरचे पैसे देऊ केले होते. ते नाकारण्यात आले.