पोथी बांधलेली आणि पोथी उघडलेली

भाद्रपद वद्य षष्ठी ही ज्ञानेश्वरी जयंती. वस्तुतः ही ग्रंथाची जन्मतिथी नव्हे. ग्रंथ शके १२१२ मध्ये (इ.स. १२९०) सिद्ध झाला, शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) श्रीएकनाथ महाराजांनी जुन्या प्रती ताडून अपपाठ दूर केले, त्या शोधनाचा हा उत्सव. म्हणजे एका वाचकाच्या कष्टांचा!

आमच्या भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट. वाचनास निवांतपणा कोठला, असे यजमान आम्हांस विचारतात. आमचे मत स्पष्ट आहे. तांबड्या वस्त्रात बांधून वर्षातून एकदा हळदकुंकू वाहिले, ही पूजा खरी, पण अर्धी. ओव्या सुमारे नऊ हजार. नित्य पंचवीस म्हटल्या तरी वर्षात ग्रंथ पुरा होतो. सप्ताहाच्या पारायणात सातव्या दिवशी पाने उरकण्याची घाई आम्ही पुष्कळ पाहिली आहे. त्यापेक्षा सांजवात लागल्यावर सुनेने वाचावे, आजोबांनी अर्थ सांगावा, नातवंडांनी मध्येच अडवावे. मग पंचविसांच्या दहाच झाल्या तरी बिघडत नाही.

जयंती पितृपक्षात येते, म्हणून काही घरी आरंभास संकोच असतो. वाचनास कसला आला संकोच? ज्यांचे श्राद्ध घालावयाचे, त्यांच्याच हातच्या खुणा बहुधा त्या पोथीच्या समासात सापडतील.